बिनबिघाड

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीचं एक ठरलेलं वाक्य आहे. गाडी कुठलीही असो, इंजिनाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "जातीय की." कुठवर जातीय, हे तो कधी सांगत नाही. डिसेंबरात आमच्या पाच गाड्या त्यानं अशाच पास केल्या आणि आम्ही चार दिवसांच्या घाटफेरीला निघालो. पहिला मुक्काम गगनबावडा, मग भुईबावडा घाट उतरून कोकणात, फोंडा घाट चढून राधानगरी, तिथून आंबोली आणि परत कोल्हापूर. एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं तर म्हणेल, दीड दिवसाचं काम आहे, त्यातला अर्धा दिवस चहाचा.

अण्णांची बुलेट, बापूंची राजदूत, डॉक्टरांची जावा, मास्तरांची आरएक्स हंड्रेड आणि माझी 1984 ची येझदी. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. माझी येझदी बंद पडत नाही. माझी तक्रार काय ती एवढीच आहे.

सामान वाहायला डॉक्टरांचा पुतण्या नवीकोरी हिमालयन घेऊन आला होता. निघायच्या आदल्या रात्री त्यानं आमची शिकवणी घेतली. "काका, अ‍ॅडव्हेंचर बाइक ही वेगळी जात असते. 1980 साली बीएमडब्ल्यूनं आर 80 जी/एस काढली आणि पुढच्याच वर्षी तिनं पॅरिस-डाकारची शर्यत मारली. पार सहारा वाळवंटातून!"

बापूंनी तंबाखू मळता मळता विचारलं, "वाळवंटात खड्डं असत्यात व्हय रं?"

"खड्डे नाहीत. वाळू असते."

"मग त्यात काय इशेष? ही राजदूत वीस वर्षं दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून पहाटे गंगावेशीत याची. पावसाळ्यात चिखलातनं. तिला कुणी अ‍ॅडव्हेंचर म्हणालं न्हाई. गवळ्याची गाडी म्हणायची."

पुतण्यानं मग विंटेजचा विषय काढला. 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी विंटेज ठरायला 50 वर्षं पुरी व्हावी लागतात आणि ती मूळ रूपात असावी लागते. आमच्यात वयाची अट पुरी करणारी एकटी राजदूत, पण तिच्यात मूळचं उरलंय ते म्हणजे चासी नंबर आणि बापू. बाकीच्या गाड्या नुसत्याच जुन्या. चालक मात्र पाचच्या पाच नियमात बसतात.

सकाळी निघायची वेळ सातची होती. निघालो पावणेनऊला, कारण पाच जुन्या गाड्या एकाच वेळी चालू असणं हा योग फार थोडा काळ टिकतो. चौथी चालू झाली की पहिली बंद पडते. अण्णांच्या बुलेटचा तर विधीच असतो. आधी अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जागेवर घ्यायचा, मग सगळ्यांनी लांब उभं राहायचं. इग्निशनचं टायमिंग अण्णांनी घरी स्वतः बसवलं होतं आणि ते जरा जास्तच पुढं गेलं होतं. तसं झालं की किक खाली जायच्या ऐवजी उलटी येते. अण्णा वजनानं 90 किलो, तरी गाडीनं त्यांना टाचेपासून वर उचललं. "तिच्यायला," असं म्हणून ते कट्ट्यावर बसले, आणि चौघंही त्यांच्याभोवती गोळा झालो. कुणी पाय चोळतंय, कुणी चहा सांगतंय, मास्तर पॉइंटचं झाकण काढून आत बघतायत.

माझी येझदी तेवढ्या वेळात बाजूला फुटफुट करत उभी होती. येझदीला किक आणि गिअर मिळून एकच दांडा असतो. किक मारायची, दांडा आत दाबायचा, पुढं वळवायचा, की झाला गिअर. नवखा माणूस पहिल्या दिवशी गिअर टाकायला म्हणून किकच मारत बसतो. या दांड्याबद्दल मी दहा मिनिटं रंगवून सांगू शकतो. पण विचारतो कोण? पहिल्या किकेला चालू झालेल्या गाडीच्या मालकाला कुणी काही विचारत नाही.

गगनबावड्याच्या रस्त्यावर कळ्याच्या पुढं उसाचा एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. दोन ट्रॉल्या, त्यावर माडीएवढा ऊस, आणि स्पीकरवर असं गाणं की मला माझ्या इंजिनाचा आवाज ऐकू येईना. ड्रायव्हरनं वळून बघितलं आणि हात जोडले. म्हाताऱ्या माणसांना जोडतात तसे. मास्तरांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी आरएक्स पिळली, ट्रॅक्टर गाठला, ओलांडला, आणि पुढच्या वळणावर क्लचची वायर तुटून ते झाडाखाली उभे राहिले. ट्रॅक्टर पुन्हा पुढं गेला. पुन्हा हात जोडले.

आमचा नियम होता: एक थांबला की सगळे थांबणार. नियम चांगला, पण त्यामुळं काय होतं ते मला त्या झाडाखाली कळलं. ज्याची गाडी बिघडते तो नवरदेव. बाकीचे वऱ्हाडी. एकानं उकिडवं बसायचं, दुसऱ्यानं मोबाइलची बॅटरी धरायची, तिसऱ्यानं "मी तुला बोललो होतो" म्हणायचं. शेजारच्या शेतातनं दोघं-तिघं येतात, त्यातला एक निम्मा मिस्त्री असतोच. त्याच्या घरी चहा होतो. निघताना तो काकवीची बाटली देतो. काकवी मास्तरांना मिळाली. कारण वायर मास्तरांची तुटली होती.

रात्री गगनबावड्याला जेवताना अण्णांची किक आणि मास्तरांची वायर यावर दोन तास गेले. मी एकदा म्हणालो, "आमच्या गाडीचा जरा उजव्या बाजूनं आवाज येतोय." सगळ्यांनी मान हलवली आणि पुन्हा वायरवर आले.

दुसऱ्या दिवशी भुईबावडा घाट. रस्ता अरुंद, एका अंगाला दरी, आणि गाडी टू स्ट्रोक. टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच जातं. उतारावर रेस बंद करून निवांत सोडली, तर पेट्रोल कमी आणि त्याबरोबर ऑइलही कमी. इंजिन फिरतंय जोरात आणि आत कोरडं. म्हणून उतरताना मध्येमध्ये उगाच रेस द्यावी लागते. पायानं ब्रेक दाबायचा आणि हातानं रेस द्यायची, असा आमचा कारभार. वाटेवरच्या एका आजीनं तर हाक मारली, "आरं पोरांनो, उतार हाय, नुसतं सोडा की!" पंचावन्न-साठीच्या माणसांना पोरांनो म्हटल्यामुळं डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी आजींचं ऐकलं. खालच्या वळणावर जावाचं मागचं चाक घसपटलं, एक कर्कश आवाज झाला आणि डॉक्टर क्लच दाबून शांतपणे कडेला आले. पिस्टन धरला होता, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला होता.

यावर औषध नाही, वाट बघायची. इंजिन थंड होईपर्यंत तास-दीड तास आम्ही त्या वळणावर बसलो. आम्ही म्हणजे चौघं जावाभोवती आणि मी जरा बाजूला. डॉक्टर आयुष्यभर लोकांना नाडी बघून सांगत आले, आता ते स्वतः सिलिंडरवर हात ठेवून बसले होते आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारत होतं, "काय म्हणतंय?"

तळेरे, नांदगाव करत फोंड्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं. घाट चढून दाजीपूरच्या जंगलाकडं आलो तेव्हा अंधार पडला होता. सहा व्होल्टच्या गाड्यांचं एक असतं. रेस असेल तर उजेड. हळू केली की दिवा देवघरातल्या निरांजनासारखा मंदावतो. तेवढ्यात पुढं चाललेल्या अण्णांनी हात वर केला. रस्त्याच्या मधोमध गवा.

एकटा नर होता. काळाभोर, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखा. टनाच्या आसपास वजन असावं. तो आमच्याकडं बघत होता आणि आम्ही त्याच्याकडं. आता पेच असा की गाडी बंद केली तर पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. चालू ठेवून रेस दिली तर गव्याला राग येणार. रेस नाही दिली तर दिवा जाणार आणि गवा कुठाय ते कळणार नाही. आम्ही मधला मार्ग काढला, म्हणजे अगदी अदबीनं, थोडी थोडी रेस. दिवे लहान-मोठे होत होते आणि त्याबरोबर गवाही लहान-मोठा दिसत होता. अण्णांची बुलेट दोनदा खोकली आणि बंद पडली. गव्यानं मान वळवली, अण्णांकडं पुरतं बघून घेतलं आणि झाडीत उतरून गेला. पुढं दोन दिवस अण्णा सांगत होते, "मी बंद केली म्हणून गेला."

तिसऱ्या दिवशी राधानगरीत बापूंची पाळी. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण बघायला आम्ही थांबलो होतो. त्या धरणाचे 7 दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पुतण्याला हे मी समजावून सांगत होतो. एवढ्यात पेट्रोलचा वास आला. बापूंच्या राजदूतचाही दरवाजा आपोआप उघडला होता. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई त्यांनी घरी पॉलिश पेपरनं घासून "नव्यासारखी" केली होती. ती आता बसतच नव्हती आणि पेट्रोल खळखळ वाहत होतं. बापूंनी कानशिलाला खोचलेली आगपेटीची काडी काढली, सुई काडीवर धरून बघितली. डॉक्टर ओरडले, "बापू, काडी नको!" त्यावर इतका हशा झाला की धरणावरचा वॉचमनसुद्धा येऊन बसला. जेवणाला तांबडा-पांढरा त्याच्याच ओळखीच्या ठिकाणी झाला. पहिली वाटी बापूंना.

मुदाळतिट्टा, गारगोटी, आजरा करत आंबोलीला पोचेपर्यंत माझी पत पुरती गेली होती. कुणी वाईट बोललं नाही. पण "तुझं काय, तुझी चालतीय" हे वाक्य दिवसातनं चारदा ऐकून बघा. पाने माझे वापरले जात होते, पक्कड माझी, चिंधी माझी. पण हकीकत माझी एकही नाही.

सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री आंबोलीत सगळे झोपल्यावर मी बाहेर गेलो. थंडी मरणाची, धुकं असं की स्वतःची गाडी चाचपून शोधली. प्लगची टोपी थोडी वर ओढून सैल करून ठेवली. पुरी काढली नाही. सकाळी जरा किका माराव्यात, घाम यावा, चौघांनी गोळा व्हावं, मास्तरांनी "प्लग शॉर्ट झालाय" म्हणावं, एवढीच अपेक्षा.

सकाळी दवानं सगळ्या गाड्या भिजल्या होत्या. बुलेट हलेना. जावा हलेना. आरएक्स नुसती फुसफुसली. राजदूतला बापू शिव्या देऊन दमले. मी गंभीर चेहरा करून पुढं झालो, "बघू, आपलं काय होतंय," म्हणालो आणि अर्धी किक मारली. येझदी अशी दणक्यात चालू झाली की झाडावरचे पक्षी उडाले.

"काय केलंस?" मास्तरांनी विचारलं.

"काहीच नाही."

चौघं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, त्यापेक्षा गवा बरा.

आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, मग हायवेनं निपाणी, कागल. त्यात काही घडलं नाही. म्हणजे सगळ्यांच्या गाड्यांना घडलं, मला नाही.

सोमवारी गाडी मिस्त्रीकडं नेली. "काय झालं?" "काही नाही." "मग आणली कशापायी?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून आंबोलीतली टोपीची गोष्ट त्याला एकट्याला सांगितली. तो हसत सुटला. "अवो, टोपी जरा वर घेतली की ठिणगी उडी मारून जाती, जोर वाढतो. घाण झालेला प्लग चालवायची जुनी युक्ती हाय ती. तुम्ही बिघडवायला गेला आणि दुरुस्त करून आला!"

मग हसता हसता त्यानं चेनची पेटी उघडली. येझदीची चेन पुरी झाकलेली असते, रबरी नळ्यांत. बाहेरून काही दिसत नाही. त्यानं चाक हळूहळू फिरवलं आणि एका जागी थांबला. हसू गेलं. पोराला हाक मारली, बॅटरी मागितली.

"क्लिप कुठाय?"

चेनच्या लॉकची पट्टी जागेवर होती, पण ती धरून ठेवणारी माशाच्या आकाराची क्लिप नव्हती. पट्टी नुसती ग्रीसवर चिकटून बसली होती. ती चेन दिवाळीत ओसरीवर पेपर पसरून मीच बसवली होती. क्लिपचं बंद तोंड गाडी जाते त्या दिशेला पाहिजे, हे मला पाठ होतं. त्या तोंडाचाच विचार करत बसलो आणि क्लिप लावायची राहिली.

"ह्याच्यावर घाट उतरला तुम्ही?" मिस्त्रीनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "गेली कशी?"

घरी आलो. बायकोला विचारलं, दिवाळीत केर काढताना एवढीएवढी एक वस्तू सापडली होती का?

"सापडली की," ती म्हणाली. "मला वाटलं केसांची पिन. ओसरी काळी करून ठेवली होती त्या दिवशी, अजून डाग गेले नाहीत." आणि बटणांच्या डब्यातून तिनं ती काढून दिली. दोन टिचबटणं आणि एका हुकाच्या सोबतीनं चेनची क्लिप तिथं महिना-दीड महिना सुखात होती.

क्लिप तळहातावर ठेवून फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं, "ही चार दिवस घरी होती."

पहिला फोन डॉक्टरांचा, भुईबावड्याच्या उतारावर चेन तुटून चाकात अडकली असती तर काय काय झालं असतं ते त्यांनी हाडांच्या नावांसकट सांगितलं. मास्तरांनी क्लिपचा जवळून फोटो मागितला. बापूंनी नुसतं "आई गं" एवढाच व्हॉइस मेसेज पाठवला, पण तीनदा. शेवटी अण्णांचा निरोप आला: "संध्याकाळी 6 ला गंगावेशीत दुधाला ये मर्दा. पहिल्यापासून सांग."

पाचलाच निघालो. क्लिप गाडीला लावली नव्हती, चालत गेलो. ती खिशात घेतली होती, दाखवायला.