‘आधी क्रांती, मग थेरपी’ म्हणणाऱ्यांना

डाव्या वर्तुळांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे माणसांचं, राजकारण वर्गाची एकजूट फोडतं, थेरपी माणसाला व्यवस्थेशी जुळवून घ्यायला शिकवते, दोन्ही खात्यापित्या घरचे चोचले आहेत, आणि क्रांती झाली की हे प्रश्न आपोआप सुटतील, असा त्याचा सूर. लिहिणारा उजवा असता तर सोडून दिलं असतं. आपलाच आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘एकजूट फुटते.’ ब्रिटनमधल्या खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप आठवा. युनियनचा पैसा कोर्टाने गोठवला होता. लंडनच्या रस्त्यांवर डबे घेऊन उभं राहून समलिंगी स्त्रीपुरुषांनी वर्गणी गोळा केली आणि दक्षिण वेल्समधल्या खाणकामगारांच्या कुटुंबांना पाठवली. संप हरला. पण जून १९८५ मध्ये लंडनच्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलिंगींच्या वार्षिक मोर्चात, खाणकामगार आपले बॅनर घेऊन चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव आला तेव्हा त्यांच्या युनियनची मतं ठरावाच्या बाजूने पडली. वर्गणी काढणाऱ्यांनी आपण कोण हे लपवलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.

‘थेरपी जुळवून घ्यायला शिकवते.’ हा मुद्दा वजनदार आहे, कारण तो अर्धा खरा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये विकारांची पहिली अधिकृत यादी काढली, तीत समलैंगिकता होती. ‘बरं’ करण्याच्या नावाखाली लोकांना विजेचे झटके दिले, उलट्या करवणारी औषधं पाजली. ही यादी कुणाच्या सद्बुद्धीने बदलली नाही. १९७० पासून आंदोलकांनी तज्ज्ञांच्या वार्षिक सभांत घुसून गोंधळ घातला. १९७२ च्या डॅलसच्या सभेत जॉन फ्रायर हा मानसोपचारतज्ज्ञ मुखवटा, विग आणि ढगळ सूट घालून, माइकवर आवाज बदलून बोलला, की मी समलिंगी आहे आणि तुमच्यासारखाच डॉक्टरही आहे. नाव फुटलं असतं तर पोटावर पाय आला असता. डिसेंबर १९७३ मध्ये समलैंगिकता यादीतून निघाली. विरोधकांनी सभासदांचं मतदान घ्यायला लावलं, त्यातही ५८ टक्के मतांनी निर्णय टिकला. जागतिक आरोग्य संघटनेला तेवढ्यासाठी १९९० उजाडलं, आणि ट्रान्स असणं मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढायला २०१९.

तेव्हा थेरपीची खोली हीसुद्धा लढायची जागा आहे, आणि क्वीअर चळवळीने तिचा बराच भाग लढून घेतलाय. आज बरा थेरपिस्ट ‘तू असा का?’ असं विचारत नाही. घरी कुणाला माहीत आहे, कुणाची भीती वाटते, आजची रात्र कुठे काढणार, हे विचारतो. संशोधक याला अल्पसंख्याकत्वाचा ताण म्हणतात, म्हणजे दुखण्याचं मूळ भेदभावात शोधतात. यात व्यवस्था सुटली कुठे?

थेरपी सोडून लढ्यात उतरला म्हणून मजकुरात फ्रांत्झ फॅनन या वसाहतवादविरोधी लेखक-मानसोपचारतज्ज्ञाचाही दाखला आहे. फ्रेंच अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयाचा त्याने १९५६ मध्ये राजीनामा दिला, हे खरंच. पुढचं मात्र सोयीस्करपणे गाळलंय. ट्युनिसला जाऊन तो स्वातंत्र्यलढ्याचं काम करत होता आणि तिथल्या इस्पितळात मनोरुग्णांवर उपचारही करत होता.

‘चोचले.’ फी परवडत नाही, मान्य. पण डायलिसिस परवडत नाही म्हणून कुणी त्याला भांडवली म्हणत नाही, सरकारी दवाखान्यात फुकट मागतो. फ्रॉइडनेच १९१८ मध्ये बुडापेस्टच्या परिषदेत गरिबांसाठी मोफत उपचारांचा आग्रह धरला. बर्लिनमध्ये १९२० ला आणि व्हिएन्नात १९२२ ला तशी केंद्रं उघडली, आणि त्यांत काम करणारे कितीतरी जण समाजवादी होते. ही परंपरा आपली आहे. ती दुसऱ्याच्या पदरात का टाकायची?

‘क्रांतीनंतर सुटेल.’ रशियात सुटलंही होतं, १९२२ च्या सोव्हिएत दंडसंहितेत समलैंगिकतेचा गुन्हा नव्हता. १९३४ मध्ये स्टालिनच्या राजवटीने तो परत आणला, पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासासह, आणि रशियात तो १९९३ पर्यंत राहिला. क्यूबाने १९६५ पासून समलिंगी पुरुषांना श्रमछावण्यांत धाडलं. कास्त्रोंनी त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली ती २०१० मध्ये. त्या छावण्यांतल्या माणसांना ‘क्रांतीनंतर बघू’ असं सांगायचीही सोय नव्हती. क्रांती होऊन सहा वर्षं झाली होती.