नागपूर-सांगली, व्हाया अख्खा महाराष्ट्र

आज सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसलो होतो. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि ताईचं भाऊबीजेला यायचं तिकीट काढायचं होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस, नागपूर ते सांगली. ओटीपी येईपर्यंत वेटिंग लागलंसुद्धा! वैतागून चौकात चहाला गेलो, तर ओळखीचे एक काका म्हणतात, "एवढं काय त्यात, आता शक्तिपीठ महामार्ग होतोय. आठ तासांत नागपूर!"

डोकंच फिरलं माझं.

काका, रस्त्याने नागपूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. बंगळूर त्यापेक्षा जवळ पडतं आपल्याला. आणि ही गाडी? वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, अहिल्यानगर, पुणे, सातारा असा द्राविडी प्राणायाम करत अकराशे किलोमीटरच्या वर फिरवून आणते. एक अख्खा दिवस आणि वर अख्खी रात्र.

मागच्या भाऊबीजेला ताई अशीच आली. आरएसीची, म्हणजे एका बर्थवर दोघं, साइड लोअर. अर्ध्या सीटवर ती, मांडीवर धाकटा, समोर कुणीतरी अनोळखी गृहस्थ पाय आखडून बसलेले. आई दर तासाला मला विचारायची, "कुठवर आली रे?" रात्री झोपताना शेवटचं विचारलं तेव्हा मनमाडसुद्धा आलं नव्हतं.

माझा राग कशावर आहे सांगू? जवळचा रूळ आहे! मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर-परळी, पुढे परभणी, हिंगोली, वाशीम, अकोला. एप्रिल २०१६ मध्ये याच रुळावरून मिरजेचं पाणी लातूरला गेलं, आठवतंय ना? पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तहानलेल्यांसाठी गाडी पळू शकते, मग माणसांसाठी का नाही? या मार्गाने नागपूरची गाडी आहे, पण आठवड्यातून दोनदा! भाऊबीज काय तिचा वार बघून येणार आहे का?

त्यापेक्षा हा शक्तिपीठ म्हणे, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा नवा रस्ता, १२ जिल्ह्यांतून. द्राक्षबागा आणि उसाच्या फडातून. शेतकरी ओरडतायत ते काय हौस म्हणून? हां, मराठवाड्यातल्या गावांना त्याचा उपयोग होईल, मान्य. पण आठ तासांत पोचायला आधी दारात गाडी हवी, टोलला पैसे हवेत. ताई दोन पोरं घेऊन स्टिअरिंगवर बसणार आहे का? हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाणाऱ्या आमच्याकडच्या एका तरी आमदाराने एकदा आरएसीवर हा प्रवास करून दाखवावा. मग बघू.

असो. एकेरी लाइन आहे, क्रॉसिंगला गाड्या खोळंबतात, हे मलाही कळतं. पण रोज एक गाडी मागणं म्हणजे चंद्र मागणं नव्हे.

त्या दिवशी ताई उतरली तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते. हातातला संत्रा बर्फीचा डबा मात्र नीट. आईने गरम पाण्याची बादली काढून दिली. पाय बुडवून बसली आणि हसत म्हणाली, "दर वर्षी नाही जमायचं रे आता." मी काही बोललो नाही. काय बोलणार?

तर मंडळी, नागपूर-पुणे स्लीपर बसचं कुणाला माहीत असेल तर सांगा. दिवाळीत तिकीट दुप्पट करणारे नकोत. पुण्यापर्यंत आली तर पुढे मी जातो आणायला. आणि काकांना ही पोस्ट कुणीतरी फॉरवर्ड करा, ते फेसबुकवर नाहीत.