फुकटचं सिम्युलेटर आणि माझं डोकं

डोकं फिरलंय आज. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत बसून आम्ही कंट्रोल पॅनलमध्ये लागणारे २४ व्होल्टचे एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय, बनवतो, साधा फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरवाला सर्किट प्रकार), यूसी३८४२ ही कंट्रोल चिप, मागे आउटपुट व्होल्टेज बघणारा टीएल४३१ आणि त्याचा सिग्नल उजेडाने पलीकडे पोचवणारा ऑप्टोकपलर, म्हणजे ऑप्टो, जगात लाखो लोक हेच बनवतात. आता एका कस्टमरला लूप स्टॅबिलिटीचा रिपोर्ट पाहिजे, म्हणजे आउटपुट बघून सप्लायला सावरणारा फीडबॅकचा लूप डोलत तर नाही ना याचा, बोडे प्लॉटसकट (फ्रिक्वेन्सीप्रमाणे गेन आणि फेजचा ग्राफ), फेज मार्जिन, म्हणजे डोलायला लागण्याआधी उरलेली जागा, ४५ डिग्रीच्या वर. मागणी बरोबर आहे, माझं काहीच म्हणणं नाही. पण शेठ काय म्हणाले माहितीये? "कोई फ्री सॉफ्टवेर मां नाखी दे ने, ग्राफ तो आवी जशे." ग्राफ येईलच हो शेठ, ग्राफ कशाचाही येतो!

आमच्याकडच्या नव्या पोराने तेच केलं. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, पास झालेला, हुशार आहे, पण सिम्युलेटरमध्ये स्विचिंग सर्किट जसंच्या तसं काढलं आणि वर एसी अ‍ॅनालिसिस लावलं आणि म्हणतो सर प्लॉट आला. अरे बाबा, स्पाइस, म्हणजे अशा बऱ्याच सिम्युलेटरांचा बाप, १९७३ मध्ये बर्कलीत निघालं तेव्हापासून एसी अ‍ॅनालिसिस एकच काम करतं, सर्किटचा एक डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढायचा, तिथे सगळं लिनिअर धरायचं आणि फ्रिक्वेन्सी फिरवायची. आता मॉस्फेट एकतर चालू असतो नाहीतर बंद, मधला पॉइंट आणायचा कुठून? आलेला प्लॉट हा बंद पडलेल्या सप्लायचा प्लॉट होता आणि दिसायला इतका सुंदर की कस्टमरला पाठवला असता तर पासही झाला असता. हाच तर वैताग आहे, टूल कधी म्हणतच नाही की बाबा तू मला चुकीचा प्रश्न विचारतोयस.

मग अ‍ॅव्हरेज्ड मॉडेल लावा, म्हणजे स्विचिंगच्या जागी त्याची सरासरी धरणारं. मिडलब्रुक आणि चूक यांचं स्टेट स्पेस अ‍ॅव्हरेजिंग १९७६ चं, व्हॉर्पेरियनचं पीडब्ल्यूएम स्विच मॉडेल १९९० चं, म्हणजे नवीन काही नाही, थिअरी केव्हाची तयार आहे. पण ते मॉडेल स्वतः लिहा, डीसीएम आणि सीसीएम (ट्रान्सफॉर्मर प्रत्येक पल्सला पूर्ण रिकामा होतो ते आणि होत नाही ते) दोन्हीत चालेल असं लिहा, आमचा कंट्रोल करंट मोड, म्हणजे प्रत्येक पल्सला करंट बघून स्विच बंद करणारा, म्हणून निम्म्या स्विचिंग फ्रिक्वेन्सीवरचा सॅम्पलिंग इफेक्ट त्यात घाला, नाहीतर मेन्सचं व्होल्टेज पडल्यावर ड्यूटी (स्विच चालू असण्याचा वाटा) ५० टक्क्यांच्या वर गेली की स्लोप कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्यासाठी करंट सिग्नलला जोडलेला उतार, कमी पडून जो गोंधळ होतो तो मॉडेलमध्ये दिसतच नाही आणि बोर्डावर मात्र ट्रान्सफॉर्मर किर्र किर्र गाणं म्हणायला लागतो. हे सगळं करायचं आणि वर डिस्पॅच पण बघायचं, कारण आमच्याकडे डिझाइन डिपार्टमेंट म्हणजे मी, तो पोरगा आणि एक कुरकुरणारा टेबल फॅन.

एलटीस्पाइस फुकट आहे, मला आवडतं, खोटं का बोलू. आता २४ व्हर्जनमध्ये फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची सोय पण दिलीये, चालत्या स्विचिंग सर्किटमध्ये छोटा सिग्नल टोचून लूप गेन काढतं. पण आहे ते ट्रान्झियंटच, म्हणजे क्षणाक्षणाने पुढे सरकणारं सिम्युलेशन! १०० हर्ट्झची एक सायकल म्हणजे १० मिलिसेकंद, तेवढ्यात आमच्या १०० किलोहर्ट्झच्या सप्लायचे हजार स्विचिंग पल्स, प्रत्येकाचा सूक्ष्म हिशोब, आणि आधी सप्लाय स्थिर व्हायची वाट बघा ती वेगळीच. लावा आणि सेव उसळ खाऊन या, परत आलो की स्क्रीनवर एरर, टाइमस्टेप टू स्मॉल. कुठे टू स्मॉल? सांगतं एका नोडचं नाव, जो मी काढलेलाच नाही, तो कुठल्यातरी कंपनीच्या एन्क्रिप्टेड मॉडेलच्या पोटातला आहे आणि ते पोट मला उघडता येत नाही!

पैसे टाका की मग, असं म्हणणारे भेटतात. हो, सिंप्लिस आहे, डायोड मॉस्फेट सगळ्यांना सरळ रेषांच्या तुकड्यात बदलतं, आधी पिरियॉडिक ऑपरेटिंग पॉइंट, म्हणजे दर सायकलला तेच घडतं ती स्थिती, शोधतं आणि मग स्विचिंग सर्किटचाच एसी रिस्पॉन्स झटपट देतं, ह्या कामासाठीच बनलंय. फुकटची छोटी आवृत्ती पण आहे, सर्किटच्या साइझला मर्यादा असलेली. पीसिम आहे, प्लेक्स आहे. पण यातल्या एकाची, नाव घेत नाही, किंमत विचारायला गेलो तर किंमत कुठे लिहिलेलीच नाही, फॉर्म भरा, मग फोन येतो, समोरचा मला विचारतो तुमच्याकडे किती सीट्स लागतील. सीट्स? आमच्याकडे खुर्च्याच तीन आहेत. मग वेबिनार, मग दुसऱ्याच माणसाचा फोन, आणि शेवटी जो आकडा आला तो मी शेठना वाचून दाखवला तर ते हसले, रागावले पण नाहीत, नुसते हसले. त्यात मालक बदलतात ते वेगळंच, पीसिम २०२२ मध्ये अल्टेरकडे गेलं आणि अल्टेर २०२५ मध्ये सीमेन्सकडे, पुढच्या रिन्यूअलला पावती कुणाच्या नावाने फाडायची हे पण बघत बसा.

आणि ते क्रॅकवाले! "माझ्याकडे आहे, पेनड्राइव्ह घेऊन ये." अरे कस्टमरला द्यायच्या रिपोर्टवर चोरीच्या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट लावू? सोडा, त्यावर बोललो तर अजून चार शिव्या जातील.

चिप कंपन्यांची फुकटची टूल्स ही तर निराळीच जात. मांडवीतल्या कापडवाल्याला जाऊन विचारायचं की काका आमच्या घराला पडदे हवेत का, तसं आहे ते. व्होल्टेज करंट टाका, दहा सेकंदात सर्किट, बोडे प्लॉट, पार्ट्सची यादी (बीओएम) सगळं तयार, फक्त चिप त्यांचीच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं पीस्पाइस फॉर टीआय चांगलं आहे, पण बाहेरचं मॉडेल घातलं की एका वेळी तीनच सिग्नल बघता येतात. धंदा आहे त्यांचा, समजतं मला. पण आमचा परचेसवाला यूसी३८४२ ज्या मेकचा मिळेल तो आणतो, त्या टूलमधली फॅन्सी चिप त्याने आयुष्यात पाहिलेली नाही आणि पाहिली तरी भाव ऐकून परत ठेवेल.

आता खरी चीड कशाची ते सांगतो. ऑप्टो. आमचा पीसी८१७. ए ग्रेडचा सीटीआर, म्हणजे आत दिलेल्या करंटच्या किती टक्के बाहेर येतो, ८० ते १६०, सी ग्रेडचा २०० ते ४००, आणि ग्रेडच लिहिलेला नसला तर ५० ते ६००. नुसतं ८० आणि ४०० धरा, पाचपट, म्हणजे लूप गेनमध्ये १४ डीबीचा फरक! गेन डिकेडला २० डीबीने उतरतोय असं धरलं तर ज्या बोर्डाचा क्रॉसओव्हर (लूप गेन एकवर उतरतो ती फ्रिक्वेन्सी) २ किलोहर्ट्झला आहे तोच बोर्ड दुसऱ्या लॉटच्या ऑप्टोने १० ला जाणार. त्यात ऑप्टोचा स्वतःचा पोल, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीनंतर तो सुस्त पडतो ती. डेटाशीटमध्ये ८० किलोहर्ट्झ लिहिलंय, बरोबर आहे, पण खाली बारीक अक्षरात लोड १०० ओहम! आमचा पुलअप रेझिस्टर काही किलोओहमचा, तिथे तो पोल घसरून काही किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे नेमका क्रॉसओव्हरच्या मानगुटीवर, आणि फेज मार्जिन खातो. टूलमधलं मॉडेल काय म्हणतं? बऱ्याच मॉडेलांत सीटीआर एकच आकडा. मे महिन्यातलं बडोदं, बंद पॅनल, आत हवा उकळतेय, ऑप्टोतली एलईडी म्हातारी होऊन सीटीआर खाली चाललाय, आउटपुट कॅपॅसिटरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) वर्षागणिक वाढतोय, आणि आमचं सिम्युलेशन कायम २७ डिग्रीत एसी लावून बसलेलं.

बरं, लूप तोडायचा, म्हणजे मोजण्यासाठी सिग्नल टोचायचा, कुठे हे तरी टूल सांगेल? नाही. टीएल४३१ आणि ऑप्टोच्या जोडीला आउटपुटचा सिग्नल दोन वाटांनी जातो, एक व्होल्टेज डिव्हायडरमधून आणि दुसरी ऑप्टोच्या एलईडीच्या रेझिस्टरमधून, तो रेझिस्टर आउटपुटला जोडलेला असतो म्हणून. सिग्नल टोचायचा तर दोन्ही वाटा फुटतात त्याच्या आधी. अर्धे लोक डिव्हायडरच्या वरच टोचतात, दुसरी वाट मोजतच नाहीत आणि मग येतो भलताच प्लॉट, कुठल्याही टूलमध्ये, लाखाच्या आणि फुकटच्या, सारखाच भलता. बोर्डावर मोजायचं तरी तीच जागा, छोटा रेझिस्टर, इंजेक्शन ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅनालायझर, आणि अ‍ॅनालायझर म्हटलं की शेठ परत हसणार.

आणि एवढं सगळं करून, दोन्ही ग्रेडचे ऑप्टो, गरम थंड, हाय लाइन लो लाइन असे सगळे प्लॉट काढून मी रिपोर्ट पाठवला तर कस्टमरच्या इंजिनिअरचा पहिला फोन काय यावा? "सर, सिम्युलेशन कुठल्या टूलमध्ये केलंय? आमच्या लिस्टमध्ये हे टूल अप्रूव्ह्ड नाहीये." ऑप्टो कुठल्या ग्रेडचा हे नाही विचारलं. लूप कुठे तोडला हे नाही विचारलं. लिस्ट! मी म्हटलं तुमच्या लिस्टमधल्या टूलचं लायसन्स द्या, उद्या त्यात करून देतो. तर म्हणे तो आमचा विषय नाही, परचेसशी बोला. परचेसशी बोललो, ते म्हणाले टेक्निकलशी बोला. आता सोमवारपर्यंत मुदत आहे, पोरगा तिकडे त्याच सर्किटची तिसऱ्या टूलमध्ये परत चित्रं काढतोय, आणि ऑप्टोचा नवा लॉट आलाय ज्याच्या पाकिटावर ग्रेडच लिहिलेला नाही.