फायली आपल्या, तपासनीसही आपलाच

कोल्हापुरातल्या समस्त डॉक्टर मंडळींनो, आपलं काम आपल्याच व्यवसायातल्या माणसाकडून तपासून घ्यायचं खूळ आता पंचगंगेकाठीही पोचलं आहे. घाबरायचं कारण नाही. परवाच दहा फायली वीस मिनिटांत तपासून झाल्या आणि तांबडा-पांढरा रस्सा दीड तास चालला. हे कसब सर्वांना साधावं म्हणून चार शब्द.

तपासनीस ओळखीचा घ्या. तुम्ही त्याच्याकडे दरमहा पेशंट पाठवत असाल तर सोन्याहून पिवळं. त्याला बारीक अक्षर दिसतच नाही. सांगली-साताऱ्याहून कुणी परका बोलवावा असं कुणी सुचवलंच, तर प्रवासखर्चाचा मुद्दा काढा. मटणाच्या ताटाचा काढू नका.

फायली स्वतः निवडा. तपासनिसाने इनडोअर रजिस्टर उघडून दर पंधरावा नंबर उचलायचा, शिवाय मृत्यू, दुसरीकडे रेफर केलेले आणि आठवड्यात पुन्हा दाखल झालेले पेशंट मुद्दाम घालायचे, ही रीत काही लोक सांगतात. असल्या लोकांना कमिटीवर घेऊ नये. हर्निया, अपेंडिक्स, तिसऱ्या दिवशी हसत घरी गेलेले पेशंट, एवढ्यांवर काम भागतं.

नोट्स आदल्या रात्री पूर्ण करा, पण दोन पेनं वापरा.

संमतीपत्रावर सही आधी घ्या, ऑपरेशनचं नाव मागाहून भरा.

डेंग्यूची फाईल मात्र चुकूनही देऊ नका. पाचवा दिवस, ताप उतरलेला, प्लेटलेट ४०,०००, रक्तस्राव कुठेच नाही, आणि चार पिशव्या प्लेटलेट चढवलेल्या. रक्तस्राव नसेल तर १०,०००च्या खाली गेल्याशिवाय त्यांचा विचारही करायचा नाही, हे आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. पण नातेवाइकांना तेवढा एकच आकडा कळतो, म्हणून आपणही तेवढाच बघायचा! हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण? दाखल होताना एकदा. ताप उतरतो त्याच सुमारास प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, रक्तवाहिन्यांतून गळायला लागतो आणि उरलेलं रक्त घट्ट होतं, पुढचे २४ ते ४८ तास खरे धोक्याचे. हिमॅटोक्रिट मूळच्या २० टक्क्यांनी चढला, वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर घटून २० वर आलं, की पेशंट शॉकच्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याच्या उंबऱ्यावर असतो, मग तो बोलत का असेना. आणि नोट्समध्ये काय? ११०/७०, ११०/७०, ११०/७०, पेशंट स्थिर. रात्री दोनला बीपीचा पट्टा कुणी बांधला होता? लघवी किती झाली? सलाइन वजनाच्या हिशेबाने ताशी किती मिली? गळती थांबल्यावरही ते तसंच चालू ठेवलं आणि छातीत पाणी झालं, तर त्याचा जाब कुणी विचारला? तपासनिसाचा शेरा तीन शब्दांचा: केस अवघड होती.

अवघड नव्हती हो. मोजली नव्हती.

डॉक्टरकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत व्याख्यानं-परिषदांना बसून ३० क्रेडिट पॉइंट जमवले म्हणजे झालं, असं कुणी समजावतं. तीस पॉइंट म्हणजे खुर्चीत बसल्याची पावती; तुमच्या वॉर्डातली फाईल त्यासाठी कुणी उघडत नाही. ब्रिटनमध्ये २०१२च्या अखेरीपासून परवाना टिकवायला दर वर्षी आढावा द्यावा लागतो, सहकाऱ्यांचं आणि पेशंटचं मतही मागवतात. तिथेही कुरकुर आहे, पण निदान कागद बोलतो.

आपल्याकडे तेवढंही नको आहे, कारण प्रत्येकाला वाटतं आपल्यावर पोलीस चौकशीच बसली. अहो, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव झाकून फाईल वाचता येते. वाचून चारच ओळी लिहायच्या: काय मोजायला हवं होतं, किती वाजता, आता काय बदलणार, कुणी बदलायचं. तीन महिन्यांनी त्याच वॉर्डातल्या पुढच्या दहा डेंग्यू फायली पुन्हा काढायच्या. ही दुसरी फेरी कुणी घेतच नाही. मग पहिली घेतली कशाला? फोटो काढायला? त्या तीन शब्दांखाली सही करताना हात कसा थरथरला नाही?

पुढच्या वेळी रजिस्टर तपासनिसाच्या हातात द्या आणि स्वतः खोलीबाहेर बसा. हे ज्यांना झेपत नसेल त्यांनी जेवायलाही येऊ नये.