युनिक्सचा संगणक आणि वेगवान लाइन

नागपुरातल्या संगणक व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारा संगणक कार्यालयाच्या आत ठीक, पण शहराबाहेर जाणाऱ्या वेगवान लाइनवर खास राऊटरच (माहिती योग्य वाटेने पुढे पाठवणारे यंत्र) हवा; कारण सर्वसाधारण कार्यप्रणालीला तो वेग पेलत नाही, तिला राऊटिंगचे प्रोटोकॉल, म्हणजे या वाटा ठरवण्याचे नियम, येत नाहीत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते यंत्र बंद पडते, असा त्याचा आशय आहे.

वेगाबाबत इतिहासच उलट साक्ष देतो. 1988 साली अमेरिकेतल्या एनएसएफनेट या संशोधन-जाळ्याचा कणा 1.544 मेगाबिटच्या टी-1 लाइनवर गेला, तेव्हा त्याच्या केंद्रांवर आयबीएमचे आरटी संगणक बीएसडी या युनिक्सच्या प्रकारावर चालत होते. पुढे 45 मेगाबिटच्या टी-3 साठी आलेल्या आरएस/6000 यंत्रांवरही एआयएक्स हे युनिक्सच होते. वेग मेगाबिटमध्ये मोजण्यातच खरी चूक आहे, कारण संगणकाला थकवते ती पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांची, संख्या. दहा गिगाबिटची लाइन 1500 बाइटच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला सुमारे 8.13 लाख पॅकेटे होतात. 64 बाइटच्या फ्रेमांनी, म्हणजे वेष्टनासह छोट्या पॅकेटांनी, भरली तर 1.488 कोटी, म्हणजे प्रत्येकीला जेमतेम 67 नॅनोसेकंद. दुसरा प्रकार साध्या कर्नलला (कार्यप्रणालीच्या गाभ्याला) प्रोसेसरच्या एका कोअरवर झेपत नाही, हे मान्यच आहे. पण कार्यालयाची रोजची वाहतूक तशी नसते.

हिंगण्याच्या एका कारखान्यात लिनक्स या युनिक्सच्याच घराण्यातल्या कार्यप्रणालीचा राऊटर अडखळतो म्हणून मला बोलावले होते. प्रोसेसरवरचा भार दाखवणारा ‘टॉप’ लावून पाहिले, तर आठपैकी एक कोअर इंटरप्टांच्या, म्हणजे ‘पॅकेट आले’ अशा कार्डाच्या हाकांच्या, कामात शंभर टक्के गुंतलेला आणि उरलेले सात निवांत. नेटवर्क कार्डाच्या रांगा आठही कोअरांवर वाटून दिल्या आणि त्याच यंत्राची तक्रार संपली. दोष युनिक्सचा नव्हता, मांडणीचा होता.

प्रोटोकॉलच्या दाव्यावर फार लिहिण्याची गरज नाही. बीजीपी आणि ओएसपीएफ हे दोन्ही राऊटिंग प्रोटोकॉल हाताळणारे ‘बर्ड’ हे सॉफ्टवेअर अनेक इंटरनेट एक्स्चेंजांच्या (वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणाऱ्या केंद्रांच्या) राऊट सर्व्हरवर, म्हणजे वाटांची माहिती वाटणाऱ्या संगणकांवर, चालते, आणि ज्युनिपर कंपनीच्या ‘खास’ राऊटरांतली जुनॉस ही कार्यप्रणाली मुळात फ्रीबीएसडी या बीएसडीच्याच वारसावर उभी राहिली. शेकडो गिगाबिटसाठी सहसा पॅकेटे पुढे ढकलणारी वेगळी चिप वापरतात, हे खरे. पण संदेश पाठवणाऱ्यांपैकी किती जणांकडे तशी लाइन आहे?

उन्हाळ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की बंद कपाटातले यंत्र तापणारच, मात्र खास राऊटरचा पंखाही त्याच कपाटातली गरम हवा ओढतो. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसवावी, कपाटाला जाळीचे दार लावावे आणि पंख्यावरची धूळ एप्रिलमध्येच झाडून घ्यावी.