सोमवारचं धुणं

आम्ही व्हिक्टोरियन घरात राहतो म्हटलं की साताऱ्याकडची मंडळी उगाच दबून बोलायला लागतात. झुंबर असेल, बटलर असेल, असं त्यांना वाटतं. पूर्व लंडनमधल्या वॉल्थमस्टोत ही घरं आगगाडीच्या डब्यांसारखी एकमेकांना चिकटून उभी आहेत. आमचा डबा १८९० च्या दशकातला. खिडक्या वाजतात, भिंतीला ओल येते आणि घरमालक या सगळ्याला 'कॅरेक्टर' म्हणतो.

जानेवारीत वॉशिंग मशीन बंद पडलं. पाणी पोटात धरून बसलं, सोडेचना. दुरुस्तीवाल्याने पुढच्या गुरुवारचा वायदा केला. ''कोपऱ्यावर लाँड्री आहे,'' बायको म्हणाली. पण मला ऊत आला होता. या घराने कितीतरी वर्षं हाताने धुणं पाहिलंय, आपल्याला आठ दिवस जमणार नाही?

मग मी त्या काळचं धुणं कसं होतं, ते वाचायला बसलो. (कपडे न धुण्याचा हा माझा जुना उपाय.) स्वयंपाकघरामागच्या मोरीवजा खोलीत विटांच्या चुलाणात तांब्याचं हंडं बसवलेलं असायचं. त्याचं नावच कॉपर. आदल्या रात्री कपडे भिजत टाकायचे, सोमवारी उजाडायच्या आत जाळ घालायचा. मग उकळा, डॉली नावाच्या लाकडी दांड्याने घुसळा, खळबळा, निळीत बुडवा, खळ द्या. पिळायला मँगल, म्हणजे उसाचा चरकच. रसाऐवजी साबणाचं पाणी आणि चिपाडाऐवजी फुटकी बटणं. मंगळवारी निखाऱ्यावर तापवलेल्या इस्त्र्या. आणि सोमवारच का? तर रविवारचं भाजलेलं मांस उरलेलं असायचं, ते थंडच वाढलं की बाई धुण्याला मोकळी. वर १८५३ पर्यंत साबणावर सरकारचा कर! म्हणजे मळकट राहणं ही सरळ सरळ काटकसर होती.

माझ्याकडे कॉपर नव्हतं, बाथटब होता. त्याला दोन नळ. एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ. दोघांची बोलाचाली नाही. गुडघ्यांवर बसून मी पहिली जीन्स बाहेर काढली. ओली जीन्स उचलणं म्हणजे बुडालेला माणूस वर ओढणं. तिसऱ्या जीन्सला कमरेतून कट्ट असा आवाज आला. तो जीन्सचा नव्हता.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

''नीळ घातलीस का रे?''

''आई, काळ्या पँटला नीळ?''

''मग पिळा तरी नीट घाल. पाणी बघ कसं गळतंय.''

स्वयंपाकघरात छताला कप्पीवरून वर-खाली होणारी दांडी आहे. घरमालकाने जाहिरातीत तिचा फोटो घातला होता. आईने ती पाहिली आणि म्हणाली, ''ही तर आपली वाळत घालायची दांडी! काठी कुठाय?'' म्हणजे भाड्यातला निदान तेवढा भाग मी सातारच्या माजघरासाठी भरत होतो. दांडी नेमकी शेगडीच्या वर. तीन दिवसांनी कपडे वाळले, पण माझ्या प्रत्येक शर्टाला पोह्याच्या फोडणीचा वास येत होता.

बुधवारी मला त्या लोकांची खरी अक्कल कळली. त्यांच्या शर्टाची कॉलर सुटी असायची. कॉलर आणि मनगटपट्ट्या तेवढ्या धुवायच्या, खळ देऊन कडक करायच्या, शर्ट तोच. याहून पुढचे लोक डिकी घालत. डिकी म्हणजे गाडीची नव्हे. शर्टाची नुसती छाती, मागे काही नाही. कोट चढवला की साहेब परीटघडीचा! मी ताबडतोब एका शर्टाची फक्त कॉलर धुतली, हेअर ड्रायरने वाळवली आणि ऑनलाइन मीटिंगला बसलो. बॉस म्हणाले, आज अगदी टापटीप दिसतोयस. खाली तीन दिवसांचा पायजमा होता.

गुरुवारी दुरुस्तीवाला आला. मशीनच्या तळाचं झाकण उघडलं, ते काळपट पाणी परातीत सोडलं आणि पंपात बोटं घालून काहीतरी ओढून काढलं. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी. कॉलर ताठ राहावी म्हणून तिच्या टोकात सरकवतात ती. धुण्याआधी काढायची असते.

ती त्याने बिलावर ठेवून माझ्या हातात दिली. बायकोने फक्त पायजम्याकडे पाहिलं.