नुसता आकडा वाढवून अ‍ॅडऑन चालत नसतं हो

थंडरबर्ड, म्हणजे ईमेलचा प्रोग्राम, अपडेट झालं की हा मेसेज परत फिरायला लागतो: "अ‍ॅडऑन बंद पडलं? एक्सपीआय फाइल उघडा, मॅनिफेस्टमधला कमाल व्हर्जनचा आकडा वाढवा, परत टाका, चालणारच. नाही चाललं तर जुनं व्हर्जन टाका. हे लोक मुद्दाम अ‍ॅडऑन मारतात."

आता आकड्याचं बघू. अ‍ॅडऑन म्हणजे थंडरबर्डला वरून जोडलेली जास्तीची सोय, आणि ते कुठल्या व्हर्जनपर्यंत चालवायचं हे त्याच्या मॅनिफेस्ट नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिता येतं. अ‍ॅडऑनची एक्सपीआय फाइल म्हणजे साधी झिपच, आणि थंडरबर्ड डिजिटल सहीसाठी अडवत नाही, त्यामुळे बदललेली फाइल इन्स्टॉल होते हे खरंय, पण इन्स्टॉल होणं वेगळं आणि चालणं वेगळं. जी अ‍ॅडऑन फक्त ठरवून दिलेले एपीआय, म्हणजे थंडरबर्डशी बोलायचे अधिकृत मार्ग, वापरतात त्यांना हा आकडा सहसा लागतच नाही, ती नव्या व्हर्जनवर बहुतेक वेळा मुकाट्याने चालतात. आकडा घालावा लागतो एक्सपेरिमेंटवाल्यांना, म्हणजे जी थेट थंडरबर्डच्या पोटात हात घालतात, आणि ते पोटच बदलत असतं ना! ११५ मध्ये मेसेजची लिस्टच नव्याने बांधली, १४० येईपर्यंत जेएसएम फाइली, म्हणजे आतल्या कोडचे तुकडे, लोड करायची जुनी पद्धत गेली. मेसेजच्या लिस्टमध्ये जास्तीचा कॉलम दाखवणारं एक अ‍ॅडऑन मी असंच आकडा वाढवून ढकललं होतं, अ‍ॅडऑनच्या यादीत ऐटीत बसलं, चालू पण दिसत होतं, कॉलमचा मात्र पत्ता नाही, शेवटी कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून एरर कन्सोल उघडला तर सगळं लालेलाल. तो कोड कुणीतरी बसून बदलावाच लागतो, आणि बिचारा डेव्हलपर बऱ्याचदा एकटा, फुकट काम करणारा असतो.

मुद्दाम मारतात म्हणे. अहो, थंडरबर्ड उभंय फायरफॉक्स ब्राउझरच्या कोडवर. फायरफॉक्सने २०१७ मध्येच ५७ ला जुनी एक्सटेन्शन काढून टाकली, थंडरबर्डने २०२० च्या ७८ पर्यंत ओढत नेलं. आणि त्याच ७८ मध्ये लाइटनिंग या अ‍ॅडऑनचं कॅलेंडर आणि एनिगमेल या अ‍ॅडऑनचं एन्क्रिप्शनचं काम थंडरबर्डच्या आत घेतलं, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. लोकांची चिडचिड मला कळते, रोजच्या कामातलं बटण एका सकाळी गायब झालं की डोकं फिरतंच, पण म्हणून कट शोधायचा?

सगळ्यात वाईट सल्ला जुनं व्हर्जन टाकायचा. नव्या व्हर्जनने एकदा उघडलेलं प्रोफाइल, म्हणजे तुमचे मेल आणि सेटिंग ठेवलेला फोल्डर, जुनं थंडरबर्ड उघडायलाच नकार देतं, नवीन प्रोफाइल बनवा म्हणतं, आणि मग माणूस घाबरतो की मेल गेले. मेल जुन्या प्रोफाइलमध्येच असतात, पण अपडेटच्या आधी थंडरबर्ड बंद करून त्या फोल्डरची कॉपी काढली असती तर ही वेळच आली नसती.